जप्ती पोलिसांची, मालकी आपली

बंद झाला, मोर्चा झाला, जयंतीच्या मिरवणुकीत बाचाबाची झाली की मराठवाड्यात एक ठरलेला क्रम चालतो. पोरांची धरपकड होते. आपण धावतो, वकील गाठतो, जामीनदार उभे करतो, पोरं सुटून येतात. पण त्यांची मोटारसायकल, मोबाइल, रिक्षा, कर्ज काढून घेतलेला साऊंड ठाण्यातच राहतो. जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही ठाण्याच्या आवारात डोकावून पाहा. गंजलेल्या गाड्यांची रांग दिसेल. त्यातल्या किती गाड्या न्यायालयाच्या आदेशाने तिथे आहेत आणि किती केवळ कुणी अर्जच केला नाही म्हणून सडत आहेत, हा प्रश्न आपण विचारत नाही. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न जामिनाइतकाच महत्त्वाचा आहे.

आपण तो का विचारत नाही? कारण 'मालमत्तेचा हक्क' म्हटले की आपल्याला जमीनदार, सावकार, कारखानदार आठवतो. हा संशय निराधार नाही. मूळ संविधानातल्या मालमत्तेच्या अनुच्छेद ३१ ची जबाबदारी मसुदा समिती घेऊ शकत नाही, असे खुद्द बाबासाहेबांनी १९५५ साली राज्यसभेत स्पष्ट सांगितले होते. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. पण त्याच वेळी अनुच्छेद ३०० अ आला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. यातला 'कोणाचीही' हा शब्द आपल्यासाठी आहे. कारखानदाराची एक गाडी जप्त झाली तर तो दुसरी काढतो. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलवर रात्रपाळीला जाणाऱ्या पोराची गाडी गेली तर त्याची हजेरी बुडते. ऊसतोड कामगाराचा मोबाइल गेला तर मुकादमाशी, घराशी आणि बँकेशी असलेला त्याचा संबंध तुटतो. म्हणजे खटला सुरू होण्याआधीच शिक्षा सुरू होते.

आधी तीन शब्द वेगळे करू. जप्ती, टाच आणि सरकारजमा. जप्ती म्हणजे तपासासाठी, पुरावा म्हणून वस्तू ताब्यात घेणे. टाच म्हणजे मालमत्ता विकू नये, हलवू नये म्हणून तिच्यावर घातलेले बंधन. सरकारजमा म्हणजे मालकीच संपवणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांना स्वतःच्या अधिकारात फक्त पहिली गोष्ट करता येते. गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेवर टाच आणायची तर कलम १०७ प्रमाणे तपास अधिकाऱ्याला पोलीस अधीक्षकांची मान्यता घेऊन न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि न्यायालय मालकाला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस देते. तेव्हा 'तुझी गाडी आता सरकारजमा' असे ठाण्यात कोणी दरडावले, तर ती धमकी आहे, कायदा नव्हे.

जप्तीलाही कुंपण आहे. कलम १०६ प्रमाणे वस्तू चोरीची असल्याचा संशय हवा, किंवा ती गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली हवी. बंदच्या दिवशी तो रस्त्यावर होता, म्हणून घरासमोर उभी असलेली त्याची गाडी उचलली, हे या कलमात बसत नाही. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला तत्काळ कळवावी लागते. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे आधी कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जावी लागते. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. कलम १०३ प्रमाणे घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे लागते आणि जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सहीची प्रत त्याला द्यावी लागते.

हे कलम म्हणते की पंच त्या भागातले, 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' असावेत. आता गावात प्रतिष्ठित कोण? सरपंचाचा माणूस प्रतिष्ठित, आणि बौद्धवाड्यातली अंगणवाडी सेविका, सेवानिवृत्त शिक्षक, बचत गटाची अध्यक्षा प्रतिष्ठित नाही काय? वस्तीत झडती होत असेल तर वस्तीतला पंच मागितला पाहिजे. जातीने प्रतिष्ठेची व्याख्या ठरवली, कायद्याने नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा. मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरान कसायला घेतले, त्यासाठी मार खाल्ला, तुरुंगात गेले. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा हा वारसा आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग दिला, तरी अनेकांचा सातबारा अजून कोराच आहे. वाद पेटला की पोलीस येतात आणि 'शेतात पाय ठेवायचा नाही' म्हणून बजावतात. हा अधिकार त्यांना कुठून मिळाला? नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवले की जप्तीच्या कलमाखाली (तेव्हाचे कलम १०२) पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही. जमिनीच्या ताब्यावरून शांतताभंगाची भीती असेल तर नव्या संहितेच्या कलम १६४ आणि १६५ खाली कार्यकारी दंडाधिकारी दोन्ही बाजू ऐकतो आणि गरज पडली तर टाच आणतो. त्याचा आदेश लेखी असतो आणि त्याला वरच्या न्यायालयात आव्हान देता येते. तोंडी हुकमाला आव्हान देता येत नाही, म्हणूनच तो तोंडी दिला जातो.

तिसरा मुद्दा मोबाइल आणि संगणकाचा. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ साली झडत्या झाल्या. प्रा. आनंद तेलतुंबडे यांचे गोव्यातले घर तर त्यांच्या गैरहजेरीत उघडले गेले. रोना विल्सन यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसवली गेली होती, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. माणसे वर्षानुवर्षे खटल्याविना तुरुंगात राहिली. यातून धडा हा की जप्तीच्या क्षणीच उपकरण मोहोरबंद झाले पाहिजे आणि त्याची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुराचा आकडी ठसा, नोंदवून घेण्याचा आग्रह धरला पाहिजे. आतला एक शब्द बदलला तरी हा ठसा बदलतो. नव्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर तो लिहावा लागतो.

कोणी म्हणेल, पोलिसांचे हात असे बांधले तर गावगुंडांचे फावेल. आम्हाला तसे वाटत नाही. गुंडाची मालमत्ता जावी, ही तर आपलीच मागणी आहे आणि त्यासाठी आपल्याच कायद्यात तरतूद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ७ सांगते की दोषी ठरलेल्याने गुन्ह्यासाठी वापरलेली स्थावर-जंगम मालमत्ता विशेष न्यायालय सरकारजमा करू शकते, आणि खटला चालू असतानाही आरोपीच्या मालमत्तेवर टाच आणू शकते. ज्या जीपमधून हल्लेखोर वस्तीवर आले ती जीप, ज्या ट्रॅक्टरने गायरानातले उभे पीक मोडले तो ट्रॅक्टर सरकारजमा करा, असा अर्ज आपण कितीदा केला? मालमत्ता हिरावण्याचा अधिकार न्यायालयाकडेच राहिला पाहिजे. आपल्या बाजूने मागताना तिथेच मागायचा आणि आपल्या विरोधात आला तर तिथेच लढायचा.

म्हणूनच जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाकडे बारकाईने पाहायला हवे. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेची जागा प्रशासनाने ताब्यात घ्यायची, तिथल्या वस्तू उचलायच्या, तिचा निधी सरकारजमा करायचा, अशी त्याची रचना आहे. इथे न्यायालय आधी येत नाही, आधी अधिसूचना येते. वर्गणीवर चालणारे वाचनालय, अभ्यासिका, जयंती मंडळ या आपल्या संस्थांना हा धोका कळला पाहिजे. आणि ही मर्यादा केवळ आपल्यापुरती मागायची नाही. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत लाठ्या खाल्लेल्या मराठा आंदोलकालाही पोलिसी बळापुढे हेच संविधान कामी येते. उद्या त्याची गाडी बेकायदा उचलली गेली, तर आपण त्याच्याही बाजूने बोलले पाहिजे.

आता कामाचे. जप्त वस्तू परत मागण्याचा अर्ज दंडाधिकाऱ्याकडे कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो. वस्तू न्यायालयापुढे सादर झाल्यावर १४ दिवसांत तिचे विवरण, छायाचित्रांसह, आणि त्यानंतर ३० दिवसांत तिच्याबद्दलचा आदेश, अशी मुदत नव्या संहितेत आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की वाहने ठाण्यात सडत ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि मालकाला सुपुर्दनाम्यावर द्या. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर यात बौद्धही आहेत.

जालना, अंबड, परतूर, मंठा, भोकरदन... प्रत्येक तालुक्यात दोन-तीन शिकलेल्या पोरांनी एवढेच करावे: गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांच्या कोणत्या वस्तू, कोणत्या गुन्हा क्रमांकात, कोणत्या ठाण्यात अडकल्या, याची एक वही करावी. पंचनाम्याची प्रत नसेल तर अर्ज करून मागावी. मग एकेक अर्ज न्यायालयात टाकावा. घोषणा देणारा कार्यकर्ता पोलिसांच्या ओळखीचा झाला आहे; पोचपावती मागणारा कार्यकर्ता अजून त्यांना नवा आहे.

जय भीम! जय संविधान!