जखमी कामगाराचा वाली कोण?

सन १९२३ च्या प्रारंभीं हिंदुस्थानच्या कायदेमंडळानें एकाच हंगामांत दोन कायदे मंजूर केले. त्या सालचा ५ वा कायदा बॉयलरसंबंधीं व ८ वा कामगारांच्या नुकसानभरपाईसंबंधीं होता. पहिल्या कायद्यानें व त्याखालील नियमांनीं असें ठरविलें कीं, बॉयलर ज्याच्या हातीं सोंपवावयाचा त्याच्यापाशीं परीक्षा उतरल्याचा दाखला पाहिजे. दाखल्यावांचून माणूस ठेवणें हा गुन्हा. दुसऱ्या कायद्यानें असें ठरविलें कीं, कामावर असतां कामगाराचा हात गेला तर त्या हाताचे पैसे त्यास मिळावे. परंतु हात गेलेला मनुष्य पुन्हां कामास कसा लागावा, त्या कामीं त्याला हाताशीं धरणारा कोण, आणि त्या धरणाराच्या अंगीं लायकी कोणती असावी, याविषयीं कायद्यानें चकार शब्द काढिला नाहीं. पहिल्या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्यानें घेतली. दुसरा सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंमलांत आली. मधल्या शंभर वर्षांत राज्य बदललें, राज्यकर्ते बदलले. हें मौन मात्र जसेंच्या तसें राहिलें आहे. वाफेच्या भांड्यास सनदी माणूस लागतो, आणि जायबंदी कामगारास जो भेटेल तो चालतो, असा याचा अर्थ होतो.

आम्ही वकिलीच्या धंद्यांतले असल्यामुळें नुकसानभरपाईच्या दाव्यांशीं आमचा संबंध वारंवार येतो. भोसरीकडील एका कारखान्यांत प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाचीं उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. दावा चालला. कायद्याच्या परिशिष्टांत एका हाताच्या दोन बोटांस २० टक्के, संबंध आंगठ्यास ३० टक्के, तर्जनीस १४ टक्के असा दर बांधलेला आहे. डॉक्टरांचा दाखला, मजुरीचा आंकडा, वयाचा गुणक यांवर दोन्ही बाजूंनीं यथास्थित वाद झाला, हुकूम झाला, रक्कमही मिळाली. त्या सबंध दाव्यांत, आमच्या स्वतःच्या उलटतपासणींत देखील, एक प्रश्न कोणीं विचारला नाहीं: हा मनुष्य उद्यां काय करणार? पुढें वर्षभरानें तो आम्हांस रस्त्यावर भेटला. भरपाईचे पैसे घरच्या देण्यांत गेले होते आणि तो रात्रींचा पहारेकरी म्हणून निम्म्या पगारावर उभा होता. प्रेसच्या कामांत त्यानें आठ वर्षें घालविलीं होतीं. साच्याचा आवाज ऐकून त्यांतलें बिघाड सांगणारा तो कारागीर होता. तें त्याचें ज्ञान कांहीं दोन बोटांत नव्हतें. पण तें वांचविणें हें कोणाचेंच काम नव्हतें. तसें तें आमचेंही आहे असें त्या वेळीं आम्हांस वाटलें नाहीं, ही गोष्ट कबूल केली पाहिजे.

न्यायालयांस ही उणीव दिसली नाहीं असें नाहीं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणें त्याची टक्केवारी कमी भरत होती, तरी एका हातानें सुतारकाम होत नाहीं, सबब हें संपूर्ण अपंगत्व होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९७५ मध्यें दिला. पुढें २०१० सालीं मोटार अपघाताच्या एका दाव्यांत त्याच न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, शरीराची हानि किती टक्के हें वेगळें व कमाईची हानि किती हें वेगळें. जखमी मनुष्य आतां कोणतें काम करूं शकतो व कोणतें करूं शकत नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. तत्त्व उत्तम आहे. पण तें पाहणार कोण? डॉक्टरला हाड, शीर व स्नायु कळतात; प्रेसवर दर पाळीला किती वेळां वांकावें लागतें, पत्रा कोणत्या हातानें सरकवितात, हें त्यास कसें कळणार? फोरमनला काम कळतें, पण जखम कळत नाहीं. मालकास दोन्ही कळून घेण्यास सवड नाहीं. आणि वकिलास, आम्ही वर सांगितलेंच, फक्त टक्के कळतात.

या चौघांच्या मधली जागा भरून काढणें हाच एक स्वतंत्र धंदा आहे. हा मनुष्य जखमी कामगार इस्पितळांत असतांनाच त्यास जाऊन भेटतो. मग कारखान्यांत जाऊन त्याच्या कामाचे तुकडे पाडतो: कोणता तुकडा त्याला आजच जमेल, कोणता तीन महिन्यांनीं, कोणता कधींच नाहीं. कोठें हातानें ओढावयाची कळ पायानें दाबण्याजोगी करितां येते, कोठें पाट उंच केला म्हणजे भागतें, कोठें आरंभीं अर्धा दिवसच काम द्यावें लागतें. आणि जुनें काम मुळींच जमणार नसेल तर त्याच कारखान्यांतलें दुसरें कोणतें शिकवावें, हेंही तोच ठरवितो. या सर्वांहून नाजूक भाग म्हणजे भीति. ज्या यंत्रानें बोटें खाल्लीं त्याच यंत्रासमोर मनुष्यास पुन्हां उभें करावयाचें, तें दटावून होत नाहीं. यांत वेळेची किंमतही मोठी आहे. सहा महिने घरीं बसलेला मनुष्य सहा आठवडे बसलेल्या माणसासारखा राहत नाहीं. संवय मोडते, कर्ज वाढतें, जागेवर दुसरा येतो आणि घरांतलें माणसाचें स्थान देखील बदलतें.

परदेशांत या धंद्यास सनद मिळालेली आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, जंगलकामांत स्वतः जायबंदी झालेल्या एका गृहस्थाच्या पुढाकारानें १९९४ सालीं एक राष्ट्रीय संस्था निघाली. मालक व कामगार संघ हे दोघेही तिच्या कारभारांत बसतात, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तिनें दोन परीक्षा घातल्या: एक कामगारास परत कामावर आणणाऱ्या संयोजकाची, दुसरी त्याहून वरच्या दर्जाच्या व्यवस्थापकाची. जर्मनींतील अपघात विमा मंडळांनीं हीच पद्धति उचलली. त्या देशांत २००४ पासून कायदा असा आहे कीं, वर्षांत सहा आठवड्यांहून अधिक दिवस जो कामगार आजारी राहिला त्याच्याशीं विचारविनिमय करून त्यास कामावर टिकविण्याचा मार्ग शोधणें मालकावर बंधनकारक आहे. ब्रिटिश कोलंबियांतही १ जानेवारी २०२४ पासून, एक वर्ष नोकरी झालेल्या जखमी कामगारास पुन्हां कामावर घेण्याचें कर्तव्य वीस किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या मालकांवर कायद्यानें घातलें आहे.

परदेशांतलें तें सर्व चांगलें, अशी आमची वृत्ति नाहीं. आमच्याच भूमींत हें बीज जुनें आहे. पहिल्या महायुद्धांतील जखमी शिपायांस धंदे शिकविण्याकरितां १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती पुढें खडकीस आली. पुण्यांत कृत्रिम अवयवांचें केंद्र १९४४ सालीं सुरू झालें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत श्रीमती कमला निंबकर यांनीं १९५० सालीं व्यवसायोपचाराची शाळा काढिली, आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. विद्या आहे, शिकविणारे आहेत. पण शिपायासाठीं जें एका शतकापूर्वीं सुचलें तें गिरणीच्या मजुरासाठीं सुचलें नाहीं. सरकारी नोकरास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमानें अभय आहे: नोकरींत असतां अपंगत्व आलें तर त्यास काढितां येत नाहीं, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते. खाजगी कारखान्यांतल्या मजुरास हें अभय नाहीं. १९४८ च्या राज्य विमा कायद्याच्या १९ व्या कलमांत जखमी विमेदारांच्या पुनर्वसनाचे व पुन्हां नोकरी लावण्याचे उपाय करण्याची मुभा विमा महामंडळास दिली होती. मुभा आणि कर्तव्य यांत काय अंतर आहे तें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. उधारी फेडण्याची मुभा असलेला ऋणको त्यांनीं पाहिलाच असेल.

मालकवर्गाकडून पहिला आक्षेप येईल तो असा कीं, अगोदरच सुरक्षा अधिकारी आहे, कल्याण अधिकारी आहे. आतां आणखी एकाचा पगार कोठून द्यावा? मोठ्या कारखान्यांविषयीं आमचें उत्तर असें कीं, नवा माणूस नेमूं नका. जो कल्याण अधिकारी आहे त्यासच ही परीक्षा द्यावयास लावा. इचलकरंजीच्या मागवाल्यानें किंवा चार प्रेस घालून बसलेल्या लघुउद्योजकानें असा माणूस ठेवावा, असें म्हणणें हास्यास्पद होईल. तेथें विमा महामंडळानें आपल्या रुग्णालयांत असे अधिकारी नेमावे. वर्गणी घेणाऱ्यानें हें करूं नये तर कोणीं करावें? शिकलेला कारागीर गमावून नव्यास शिकवितांना किती माल वायां जातो, हा हिशेबही मालकानें एकदां मांडून पाहावा.

कामगारांच्या बाजूचा आक्षेप याहून वजनदार आहे. ते म्हणतात, हा माणूस मालकाचा गुमास्ता होईल, कच्च्या जखमेनिशीं आम्हांस यंत्रावर ढकलील आणि आमच्या आजाराचे कागद मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवील. ही भीति निराधार नाहीं, आणि सनद पाहिजे ती याचसाठीं. सनद म्हणजे भिंतीवर टांगावयाचा कागद नव्हे. वकिलाची सनद गैरवर्तनाबद्दल जाते, म्हणून तिला अर्थ आहे. अशिलाचें गुपित फोडणें आमच्या धंद्यांत पाप आहे. तसेंच येथेंही असावें. मालकास एवढेंच कळावें कीं, कामगार काय करूं शकतो. त्याला काय झालें आहे हें त्याच्या संमतीवांचून कळूं नये. डॉक्टरांच्या लेखी अनुमतीशिवाय कोणासही यंत्रावर पाठवूं नये, आणि हा नियम मोडणाराचें नांव नोंदवहींतून कमी व्हावें. तक्रार ऐकणाऱ्या मंडळांत कामगार संघाचा माणूस बसला पाहिजे.

एक धोका मात्र आम्हांस स्वतःस जाणवतो. पदव्यांचीं दुकानें या देशांत कांहीं थोडीं नाहींत, आणि परीक्षा पुस्तकी ठेविली तर सनद मिळेल पण काम येणार नाहीं. जयपूरचा पाय घडविण्यांत डॉक्टर सेठी यांच्या बरोबरीनें रामचंद्र शर्मा या फार न शिकलेल्या कारागिराचा हात होता, हें विसरून चालणार नाहीं. ज्या जुन्या मिस्त्रींना किंवा कामगार संघाच्या कार्यकर्त्यांना हें काम करून माहीत आहे त्यांना पदवीच्या अटीवर बाहेर ठेवूं नये. परीक्षेचा निदान अर्धा भाग कारखान्यांत, खऱ्या जखमी कामगाराच्या सोबतीनें व त्याच्या भाषेंत व्हावा. मराठी न समजणारा अधिकारी चाकणच्या कामगारास काय विचारणार? आणि ओडिया किंवा हिंदी न समजणारा तेथल्याच परप्रांतीय कामगारास तरी काय विचारणार?

हें सर्व करण्यास नवा कायदा लागत नाहीं. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानें पुनर्वसनाच्या धंद्यांतील लोकांची नोंदवही ठेविली आहे. तींत व्यवसाय मार्गदर्शक व नोकरी लावून देणारे अधिकारी यांचा वर्ग पूर्वींच आहे, आणि नोंदणीवांचून तें काम करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच कायद्याच्या व्याख्येंत असेंही म्हटलें आहे कीं, केंद्र सरकारनें परिषदेचा सल्ला घेऊन वेळोवेळीं आणखी वर्ग अधिसूचित करावे. जखमी कामगारास कामावर परत आणणाऱ्या अधिकाऱ्याचा वर्ग त्या यादींत घालण्यास एक अधिसूचना पुरेल. महाराष्ट्रांतील लोकसभेच्या ४८ सभासदांपैकीं पुणें, ठाणें, नाशिक व कोल्हापूर या कारखान्यांच्या जिल्ह्यांतून निवडून गेलेल्या सभासदांनीं पुढील अधिवेशनांत एवढाच प्रश्न विचारावा कीं, ही अधिसूचना केव्हां निघणार. उत्तर आल्यास आम्ही तें याच जागीं छापूं.