धावपळ आणि धावणे

घरात काय कमी धावपळ आहे म्हणून ही बाई आणखी बाहेर धावायला जाते, असा प्रश्न आमच्या पांढुर्ण्यात मला पुष्कळांनी विचारला आहे. विचारणारे सगळेच कुत्सित नसतात. भाजी घेऊन बसणारी एक म्हातारी तर खऱ्या काळजीने म्हणाली, “काहून पयते वं पोरी? कोनी मांगं लागलं का?” आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, आणि धावणे व पळ काढणे या दोहोंना एकच शब्द पुरतो. त्यामुळे रस्त्याने पळणाऱ्या बाईच्या मागे कोणीतरी लागलेले असणार, हे तिचे अनुमान भाषेच्या दृष्टीने अगदी निर्दोष होते!

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे शहरातल्या सगळ्याच वाचकांच्या पाहण्यातली नसतील. नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीत, संत्र्याच्या आणि कपाशीच्या मुलखात ती वसली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती मध्य प्रदेशात राहिली, बोली मात्र वऱ्हाडी वळणाचीच राहिली. २०२३ साली छिंदवाड्यापासून निघून या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. बाहेर आमचे नाव ऐकू येते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीमुळे. तिची आख्यायिका अशी सांगतात की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, आणि नदी ओलांडता ओलांडता दोघांवर दगड पडू लागले. पळणाऱ्या मुलीची एवढी एकच गोष्ट ज्या गावाने जपून ठेवली, त्या गावात मी पायांत बूट घालून निघते, तेव्हा लोक वळून पाहतात यात नवल ते काय?

तसे पाहिले तर आमच्याकडे धावण्याचे वावडे मुळीच नाही. पहाटे सडकेवर उभे राहा, पोरांचे थवेच्या थवे धावताना दिसतील. सैन्यभरतीला १६०० मीटर धावावे लागते, मध्य प्रदेश पोलिसांच्या शिपाईभरतीला ८०० मीटर. हल्ली मुलीही त्यांत असतात, आणि आईबाप अभिमानाने त्यांना उठवून पाठवतात. पण भरती झाली, किंवा वय उलटून गेले, किंवा लग्न झाले, की ते बूट माळ्यावर जातात ते कायमचे. धावण्याला आमच्या समाजात कारण लागते. कारण असले की सगळे माफ. नुसतेच धावणे म्हणजे थेर.

बारामतीच्या लताबाई करे यांचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून २०१३-१४ च्या हिवाळ्यात नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी, बारामतीच्या शर्यतीत धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांच्यासाठी वाजलेल्या टाळ्यांविषयी माझ्या मनात एक शंका राहून गेली आहे. हीच बाई तेच लुगडे नेसून, केवळ आपल्याला बरे वाटते म्हणून रोज सकाळी धावत निघाली असती, तर किती जणांनी टाळ्या वाजवल्या असत्या? आपण तिच्या पायांचे कौतुक केले की तिच्या कुंकवाचे?

हा दोष एकट्या आमच्या गावाचा नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांना ८०० मीटर धावू दिले आणि बायकांच्या प्रकृतीला हे सोसत नाही असे ठरवून ती शर्यत जी बंद केली ती १९६० पर्यंत. मॅरेथॉनसाठी तर त्यांना १९८४ उजाडावे लागले. ज्या बाया डोक्यावर दोन घागरी घेऊन चढण चढत होत्या, त्यांच्या प्रकृतीची ही काळजी पाहून हसू येते.

आता वेळेचे. ‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य मी कोणाला खोटे पाडायला निघालेली नाही. ते खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्यात निदान ७५ मिनिटे जोराचा व्यायाम करावा, किंवा त्याच्या दुप्पट वेळ बेताचा. धावणे जोराच्या व्यायामात मोडते. म्हणजे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन दिवस. ऐकायला किती थोडे वाटते! पण ही पंचवीस मिनिटे घरात कोठे पडून राहिलेली नसतात. पुरुष सकाळी फिरायला जातो तेव्हा त्याच्या वाटची पंचवीस मिनिटे कोणीतरी दुसरे भरून काढते: नळाचे पाणी भरते, मुलांना उठवते, दूध उतू जाऊ देत नाही. त्या कोणाचे नाव कधी निघत नाही, म्हणून त्याला वाटते की वेळ आपण आपल्या शिस्तीने काढला. बाई निघाली की मात्र लगेच हिशेब मांडला जातो. तेव्हा संसारात धावणे कसे बसवावे, या प्रश्नाला घड्याळाचा गजर हे उत्तर नव्हे. घरातल्या चार माणसांनी एकत्र बसून, कोणत्या दिवशी दुधाजवळ कोण उभे राहणार ते ठरवणे, एवढेच त्याचे उत्तर आहे. आमच्याकडे मंगळवार, गुरुवार आणि रविवार माझे. त्या दिवशी चहा ‘हे’ करतात. चहा फार गोड होतो. सासूबाई तो मुकाट्याने पितात, हे त्यांचे माझ्यावरचे मोठे उपकार.

हवामानाचा बाऊ लोक उगाच करतात. वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो खरा, पण तेव्हा साडेपाचलाच उजाडते आणि मुलांच्या शाळा बंद असतात. सहाच्या आत परतले की झाले. शरीराला उन्हाळा अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस सावकाश धावावे आणि निघण्यापूर्वी पाणी प्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने मात्र जाऊ नये. कपाशीची ती जमीन बुटाला अशी बिलगते की प्रत्येक पाय शेरभर जड होतो. डांबरी सडक धरावी, आणि वीज कडाडू लागली की हट्ट न करता घर गाठावे. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर ते सकाळपर्यंत बरेच वाळतात. (वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांनी मनावर घेऊ नये.)

खरा अवघड काळ म्हणजे पौष-माघ, आणि तोही थंडीमुळे नव्हे. जानेवारीत सूर्य जवळजवळ सातला उगवतो. त्याच वेळी डबे, त्याच वेळी वेण्या, त्याच वेळी शाळेची गाडी. उजाडण्यापूर्वी निघावे तर अंधार, भटकी कुत्री आणि हमरस्त्याचे ट्रक. पुरुषाला अंधाराची अडचण वाटते, बाईला भीती वाटते, आणि तिच्या घरच्यांना तर तिच्याहून अधिक. म्हणून दिव्यांच्या उजेडातले, पहाटे पाचला फाटक उघडणारे एक मैदान पांढुर्ण्याला आणि एक सौंसरला, हे माझे नव्या जिल्ह्याकडे मागणे आहे. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या होतातच, त्यांच्याबरोबर एवढे झाले तर बायकांचे तीन महिने वाचतील.

माझी धाकटी बहीण सौंसरला दिली आहे. तिचे यजमान बोरगावच्या कारखान्यात पाळीवर जातात, आणि दर पाळीबरोबर घराचे सारे घड्याळ फिरते. रात्रपाळी असली की ते घरी येईपर्यंत लहानग्याला सोडून तिला निघता येत नाही. ते येतात तेव्हा ऊन वर आलेले असते. माझे मंगळवार-गुरुवार तिच्या काय कामाचे? तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर नवऱ्याच्या पाळ्या लाल शाईने आणि आपले धावण्याचे दिवस निळ्या शाईने मांडले आहेत. ज्या आठवड्यात जागा नाही, त्या आठवड्यात गच्चीवर पंधरा मिनिटे. सासऱ्यांनी मुलाकडे पाहण्याचे कबूल केले. सासूबाईंनी एक अट घातली, धावताना ओढणी हवी. मी त्यावर चार शब्द ऐकवायला निघाले, तर ती हसून म्हणाली, “ताई, तू तुझ्या गावी भांड. मी ती कमरेला बांधते.”

या आठवड्यात दुसरी पाळी आहे. तिला सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मिळाले आहेत.