आपाला थेरपी समजावणार कोण?

माझा भाचा पाच वर्षांचा आहे. नगरच्या डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि बिहेवियर थेरपी सुचवली. आपानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. श्रीगोंद्याला परतताना एसटीत तिनं मला विचारलं, "गोळ्या किती दिवस द्यायच्या?"

चूक तिची नव्हती. दहा मिनिटांत सांगितलेलं सगळं निम्मं इंग्रजीत होतं. तोवर घरात नजर, असर, ताबीज सगळं करून झालं होतं. मी शिकलेला, म्हणून ताबीजवरून अम्मीशी भांडलो. हाती काही लागलं नाही, अम्मी तेवढी रुसली. ताबीज गळ्यात असलं म्हणून थेरपी अडत नाही. थेरपीत करतात काय हे घरात कुणालाच ठाऊक नसलं की ती अडते.

मग आम्ही वही केली. तीन रकाने : आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आठ दिवसांत आपालाच दिसलं. तो किंचाळतो, त्याला मोबाईल मिळतो. किंचाळणं ही त्याची मागण्याची भाषा होती आणि ती आम्हीच पक्की केली होती. थेरपीत तिच्या जागी सोपी खूण शिकवतात : चित्र हातात देणं, बोट दाखवणं, जमलं तर 'दे' म्हणणं. खूण केली की ती वस्तू लगेच द्यायची, तासाभरानं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणी आधी सांगितली नाही. किंचाळून मिळेनासं झालं की सुरुवातीला किंचाळणं वाढतं. दुलाभाई म्हणाले, "पोरगं जास्तच बिघडलं, बंद करा." किती घरांत थेरपी इथंच सुटत असेल!

आणि थेरपी म्हणजे दटावून गप्प बसवणं नव्हे. अमेरिकेत १९६०च्या दशकात लोवास यांच्या प्रयोगांत मुलांना थपडा आणि विजेचे झटकेही दिले गेले. ऑटिझम असलेली मोठी माणसंच आज त्या पद्धतीवर टीका करतात. म्हणून शिक्षा करता का, हे थेरपिस्टला स्पष्ट विचारावं. मदरशातल्या उस्तादांनाही सांगावं : अजानच्या भोंग्याला तो कान दाबतो ती बेअदबी नाही, आवाज त्याला सोसत नाही.

हे काम फक्त तज्ज्ञांचं नाही. गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ती थेरपी वागणुकीची नव्हे, संवादाची होती. पण ती तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवली, आणि मुलं आपणहून आई-बापाशी जास्त संवाद साधू लागली.

आपल्यातल्या किती जणांना घरची दखनी, शाळेची मराठी आणि डॉक्टरांचं इंग्रजी तिन्ही येतं! मग तारखेला आपाबरोबर आपण का जात नाही? कागदपत्रंही आपणच करू शकतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आधी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढायचं, मग केंद्राच्या निरामय विम्याचा अर्ज. त्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. आमचा अर्ज अजून भरायचाय, या रविवारी बसणार आहोत.