गळ्याची भीति

शिवथरच्या घळीवर कोसळतो तसल्या पावसानें डोंगरउतारांच्या मातींतील आयोडीन धुऊन जातें. म्हणून तर १९६२ सालीं सरकारनें गलगंडाविरुद्ध मिठांतून आयोडीन देण्याची योजना काढली. ही साधी गोष्ट आमच्या वृत्तपत्रांस नीरस वाटते. ‘थायरॉइडच्या कर्करोगाची लाट’ मात्र ठळक अक्षरांत! दक्षिण कोरियांत वृत्तपत्रांनीं लवकर तपासणीचा असाच डंका पिटला. १९९३ ते २०११ या काळांत निदानें पंधरापट झालीं, मृत्यूचें प्रमाण होतें तेथेंच राहिलें. वाढली ती तपासणी. हजारोंच्या ग्रंथि कापल्या गेल्या, बहुतेकांच्या नशिबीं जन्मभराच्या गोळ्या आल्या. ही भीतीची विक्री लोकशिक्षण कशी? कोंकणच्या दमट हवेंत मिठाची बरणी उघडी ठेवूं नये, एवढें एक वाक्य छापावयास किती शाई लागली असती?