उशिरा हललेला पाळणा

सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई' या चित्रपटमालेचा तिसरा भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला. २०१० च्या पहिल्या भागात भेटलेले गौतम-गौरी येथे अपत्याच्या अनपेक्षित चाहुलीने भांबावतात, आणि प्रेक्षकांस ते गोड वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या 'बधाई हो' या हिंदी चित्रपटात रेल्वेतील तिकीट तपासनिसाच्या प्रौढ पत्नीस दिवस जातात. थोरला मुलगा लग्नाचा झालेला. सारे घर लाजेने मान खाली घालते. तरुणांचा गोंधळ गोड आणि प्रौढांचा लाजिरवाणा, हा न्याय कोणता?

आमच्या रोहा-अष्टमीत कुंडलिकेच्या एका तीरावरची कुजबुज दुपारच्या आत दुसऱ्या तीरावर पोहोचते. अशा गावात त्या बाईचे काय होईल, हे सांगावयास नको. हसू तिच्याच वाट्यास येते. नवऱ्याचे फार तर चहाच्या टपरीवर अभिनंदन होते! रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यानंतर शंभर वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी केलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आढळले, पुरुषांचे केवळ ०.३ टक्के. जबाबदारी तिची, आणि चूक झालीच तर बदनामीही तिचीच.

चित्रपट विनोदावर थांबतो; हिशेब मात्र संसारास मांडावा लागतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी पिता झालेला कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा मूल जेमतेम सहावीत असते. २००५ च्या नोव्हेंबरनंतर राज्य सेवेत लागलेल्यांना तर जुन्या निवृत्तिवेतनाची हमीही उरली नाही. त्यातच २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, ती पहिल्या दोन अपत्यांपुरती. तिसऱ्यास १२ आठवडेच.

लोकसंख्या आवरण्यासाठी हे हवे, असे कोणी म्हणेल. परंतु रजा कापण्याचा धाक ठरवून होणाऱ्या अपत्यास लागू पडेल. न ठरवता राहिलेल्या गर्भास तो कसा आवरणार? पंचेचाळिशीतील बाळंतिणीस तर विसाव्याची गरज अधिक. शिक्षक व कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याबरोबर ही मागणीही सरकारपुढे ठेवावी. ती अद्याप मागणीपत्रकात दिसत नाही, याचे कारण ती पत्रके बहुधा पुरुषच लिहितात.