शून्याचा मालक कोण?

मागच्या रविवारची गोष्ट. सकाळी सात वाजता टर्फ बुक केलेलं. दहा जण जमलो, पाच-पाचच्या टीम पाडल्या, आणि मग दर रविवारी होतो तोच तमाशा. "मागे कोण थांबतं बे?" असं कोणी विचारलं की सगळ्यांना एकदम बुटाच्या लेस बांधायची आठवण येते. शेवटी मी थांबलो. नेहमी मीच थांबतो.

नंतर तर्री-पोहे खाताना मी एक प्रश्न टाकला. भारताच्या एका तरी निवृत्त डिफेंडरचं नाव सांगा. सगळे इंजिनीअर, मध्यरात्री जागून चॅम्पियन्स लीग बघणारे लोक. भूतिया आला, छेत्री आला, विजयन पण आला. डिफेंडर एकही नाही. शेवटी मीच म्हणालो, महेश गवळी. त्यावर एक महाशय म्हणतात, "तो तर आपल्या सेंट्रल जेलमध्ये होता ना?"

तो अरुण हो!

हा महेश गोव्याचा. टाटा फुटबॉल अकादमीत तयार झाला. चर्चिल ब्रदर्स, ईस्ट बंगाल, डेम्पो असे मोठे क्लब खेळला. २००० च्या दशकात भारताकडून खेळणाऱ्या बचावपटूंत त्याचं नाव अगदी वरचं. आर्मांदो कुलासो यांच्या डेम्पोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग जिंकली. त्या सुवर्णकाळात मागची भिंत म्हणजे महेश गवळी आणि समीर नाईक.

आता गंमत बघा. २०११-१२ चा मोसम म्हटलं की कुठलाही जाणकार ताबडतोब सांगेल, रँटी मार्टिन्सचे ३२ गोल. बरोबरच आहे, काय खेळला होता तो! पण त्याच मोसमात डेम्पोवर होऊ शकणारे किती गोल झालेच नाहीत? त्याला रकाना नाही. जे झालं ते स्कोअरकार्डावर येतं, जे होऊ दिलं नाही ते हवेत विरतं.

अजून एक उदाहरण. २००७ च्या नेहरू कपच्या फायनलमध्ये भारताने सीरियाला १-० ने हरवलं. गोल एन. पी. प्रदीपचा. म्हणजे त्या स्कोअरमधल्या १ ला मालक आहे. त्या ० चा मालक कोण? ते शून्य काय आपोआप पडलं होतं? नव्वद मिनिटं कोणीतरी ते राखलं, म्हणून तो १ पुरला ना!

तुम्ही म्हणाल, लोकांना गोल बघायला आवडतात, त्यात चूक काय? चूक काहीच नाही. मलाही आवडतात. आणि हा रोग फक्त आपला नाही हेही मान्य. बॅलन डी'ओर मिळालेला शेवटचा बचावपटू म्हणजे २००६ चा फाबिओ कन्नावारो. त्यानंतर एकही नाही. पण प्रेक्षकाने गोल बघणं वेगळं आणि खेळ चालवणाऱ्यांनीही फक्त गोलच बघणं वेगळं. लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड मोजले, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला प्रीमियर लीग. टाळ्या सालाहलाच जास्त पडल्या असतील, पण शून्याची किंमत तिथे कोणीतरी हिशेबात धरली होती.

आपल्या धंद्यात तरी वेगळं काय आहे? वर्षभर ज्याने सर्व्हर पडू दिला नाही, त्याला अप्रेझलमध्ये विचारतात, "या वर्षी तू नेमकं केलंस काय?" आणि ज्याच्या चुकीने रात्री दोनला सिस्टीम झोपली, त्यानेच पहाटे उठवली की त्याला 'स्टार परफॉर्मर'. अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका. :)

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. स्ट्रायकर एका मॅचमध्ये डोळ्यात भरतो. दोन गोल मारले की झालं. डिफेंडर कळायला अख्खा मोसम लागतो, कधी दोन-तीन. त्याला रोजची लीग लागते, टिकणारा क्लब लागतो, शेजारी तोच जोडीदार वर्षानुवर्षं लागतो. म्हणजे क्लब बंद पडले की सगळ्यात आधी मरतो तो डिफेंडर. आणि आपण केलं काय? महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. पंजाबची जेसीटी २०११ ला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर. मुंबई एफसी २०१७ ला गेली, एफसी पुणे सिटी २०१९ ला. पुढचा महेश गवळी घडायचा कुठे? माझ्या टर्फवर?

कोणी म्हणेल, आयएसएलमध्ये क्लब स्ट्रायकर परदेशी आणतात, त्यामुळे उलट भारतीय डिफेंडरलाच जागा मिळते. मिळते, खरं आहे. पण ती जागा वरच्या मजल्यावरची. तिथवर जायचा जिनाच आपण काढून टाकला. माझ्या कॉलेजच्या टीममध्ये एक सेंटर बॅक होता, त्याच्यासारखा शांत खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही. एका निवड चाचणीत त्याला वीस मिनिटं मिळाली. त्याच्या बाजूने बॉल आलाच नाही, कारण तो उभाच अशा ठिकाणी राहायचा की समोरचा तिकडे पास देईना. निकाल: "काही दिसलं नाही." आज तो बँकेत आहे. बरा आहे, पण खेळत नाही.

२०२३ च्या सॅफ स्पर्धेत बेंगळुरूला प्रशिक्षक स्टिमॅच यांच्यावर बंदी आली, तेव्हा सेमीफायनल आणि फायनलला मैदानाच्या कडेला उभा होता सहायक प्रशिक्षक महेश गवळी. सेमीफायनलला लेबनॉनविरुद्ध एकशे वीस मिनिटं ०-०, मग पेनल्टीवर विजय. फायनलही कुवेतविरुद्ध पेनल्टीवर जिंकली. फोटो गुरप्रीतचे आले, छेत्रीचे आले. पुन्हा तेच शून्य, आणि पुन्हा मालक गायब!

म्हणून मंडळी, एवढंच मागणं. निवड चाचणी घेणाऱ्यांनी वीस मिनिटांत माणूस निकालात काढू नये. जिल्ह्याची लीग दोन आठवड्यांत उरकू नये, मोसमभर चालवावी. आणि तुम्ही-आम्ही पुढची मॅच बघताना दहा मिनिटं बॉल सोडून फक्त सेंटर बॅककडे बघावं. दहाच मिनिटं. वेगळाच खेळ दिसतो.

रविवारी सात वाजता या. मागे मी आहेच, पण अजून एक जागा रिकामी आहे.