वाळवंटातली रपेट आणि दवाखान्याचे अंतर

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, अ‍ॅरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंट पसरले आहे. हात वर करून उभ्या माणसासारखे दिसणारे साग्वारो निवडुंग, खडकाळ डोंगर आणि मैलोन् मैल निर्मनुष्य प्रदेश. इथे पाहुण्यांसाठी चालवलेली ‘रँच’ असतात. गुराघोड्यांचे मोठे कुरण, तिथेच राहण्या-जेवण्याची सोय आणि रोज घोड्यावरून रपेट. शहरी पाहुण्याला ‘ड्यूड’ म्हणत, म्हणून या ‘ड्यूड रँच’. हा व्यवसाय इतका जुना, की त्यातल्या मालकांची संघटना १९२६ साली स्थापन झाली.

अशी सुट्टी शरीराला मानवते. चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेला जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखीच हालचाल देते. तोल सांभाळताना पोट, पाठ आणि मांड्यांचे स्नायू सतत काम करतात. म्हणूनच काही मेंदूविकारांच्या उपचारांतही घोड्याची मदत घेतली जाते. तेव्हा ‘जाऊ नका’ असे मी म्हणणार नाही. पण या सुट्टीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः एकांतासाठी. आणि गावापासून दूर म्हणजे दवाखान्यापासूनही दूर. हा हिशेब जाहिरातीत नसतो. तो पाहुण्यानेच आधी मांडायला हवा.

वाळवंट म्हटले की बहुतेकांना आधी आठवतो तो शेपटीचा खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक. अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, पण त्यांपैकी सुमारे पाचच दगावतात. प्रतिविष मिळते आणि रुग्ण वेळेत पोहोचतो, याचे हे फळ. जखम कापणे, विष चोखणे, दोरी आवळणे यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. खरी काळजी घ्यायची ती खुळखुळा न वाजवणाऱ्या तीन गोष्टींची.

पहिली गोष्ट डोक्याची. खोगिरावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असते. पडायला घोडा उधळावाच लागतो असे नाही. झुडपातून पक्षी फडफडला, घोडा एक पाऊल बाजूला दचकला, तरी नवखा स्वार खाली येतो. अनेक रँचवर मुलांना हेल्मेट सक्तीचे असते आणि मोठ्यांना मात्र ऐच्छिक. मग फोटोसाठी काउबॉय टोपीच डोक्यावर चढते. टोपी उन्हापासून वाचवते, दगडापासून नाही. माझ्या मते हेल्मेट सर्वांनाच सक्तीचे हवे, आणि तेही घोडेस्वारीसाठी प्रमाणित केलेले. मुलांकडे अमेरिकेत गेलेले आजी-आजोबा नातवंडांच्या हट्टाखातर घोड्यावर बसत असतील, तर त्यांनी अधिकच जपावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या वाटणाऱ्या माराने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हाडे ठिसूळ असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांना आधी विचारावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईत किंवा रत्नागिरीत घाम अंगावरून ओघळतो, म्हणून तो आल्याचे कळते. कोरड्या हवेत तो तत्काळ उडून जातो. कातडी कोरडीच लागते आणि शरीर मात्र आटत असते. उन्हात श्रम करताना तासाला लिटरभर पाणीही घामावाटे जाऊ शकते. २०२३ च्या उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला होता. म्हणून सहल हिवाळ्यातच ठरवावी. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे, सोबत थोडे खारे खावे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

तिसरी गोष्ट धुळीची, आणि ती आपल्याकडे जवळजवळ कोणाच्या ध्यानात नसते. या मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी वाढते. माती सुकून उडू लागली की तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात. या आजाराला ‘व्हॅली फीव्हर’ म्हणतात. निम्म्याहून अधिक लोकांना काहीच होत नाही. बाकीच्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणे आणि कमालीचा थकवा येतो. बहुतेक जण बरे होतात. पण मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत तो गंभीर होऊ शकतो.

मुद्दा असा, की ही लक्षणे दिसेपर्यंत आपण पुण्याला किंवा नागपूरला परतलेले असतो. एक्स-रेवर या आजाराचा डाग क्षयरोगासारखाही दिसू शकतो. आपल्याकडे क्षय सर्वत्र आढळतो, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तोच आधी येणे स्वाभाविक आहे. पण क्षयाच्या औषधांनी ही बुरशी मरत नाही, तिचे औषध वेगळे असते. प्रवासाची माहिती दिली तर रक्ताच्या तपासणीने निदानाची दिशा मिळू शकते. हा आजार खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरण्याचे कारण नाही.

रँचचे आरक्षण करताना आपण खोलीत वातानुकूलन आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का, हे विचारतो. त्यात आणखी चार प्रश्नांची भर घालावी. जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? मोबाइल लागत नाही तिथे वाटाड्याकडे संपर्काचे काय साधन असते? माझ्या मापाचे हेल्मेट मिळेल का? माझे वजन घोड्याला पेलेल का? खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक भार नसावा, असा संकेत आहे. प्रवासी विम्यातून घोडेस्वारी वगळलेली नाही ना, हेही बारीक अक्षरात वाचून घ्यावे.

आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. ‘मी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात घोड्यावरून फिरून आलो आहे’, हे वाक्य आपणच आधी सांगावे.